उत्तरेकडे उशी

बाबांना अकोल्याहून घरी आणलं त्या दिवशी आमच्या घरात दोन भांडणं सुरू झाली. एक आईचं आणि बाबांचं, खाटेवरून. दुसरं माझं आणि माझ्या कॉम्प्युटरचं. पहिलं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. दुसरं कुणालाच कळत नव्हतं, मलाही धड नाही.

खाटेचं आधी सांगते. बाबांची बायपास झाली होती. छाती उघडून पुन्हा शिवलेली, त्यामुळे डॉक्टरांनी काही आठवडे उताणंच झोपायला सांगितलं होतं, डोक्यापाठीमागे उशा रचून. आमचं सोनाळ्याचं घर लांबट आहे. मधल्या खोलीत खाट लांबीनंच बसते. आडवी टाकली तर स्वयंपाकघराचं दार उघडत नाही. म्हणजे डोकं एक तर उत्तरेला, नाही तर दक्षिणेला. उत्तरेच्या भिंतीत खिडकी आहे आणि तिच्यातून सातपुडा दिसतो. दक्षिणेला दार, दाराबाहेर ओसरी आणि ओसरीपुढे रस्ता. बाबांनी पहिल्याच दिवशी उत्तरेकडे उशा लावायला सांगितल्या. म्हणजे पाय दक्षिणेला. आई हातातलं ताट तसंच घेऊन उभी राहिली. दक्षिणेकडे पाय करून माणसाला केव्हा निजवतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

बाबा जन्मभर लाइनमन होते. करंट लागतो तेव्हा तो दिशा आणि मुहूर्त विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बौद्ध, घरात नवस नाही, उपास नाही, शकुन-अपशकुन नाही. दहावीच्या पेपरला निघताना मांजर आडवं गेलं म्हणून मी जरा थबकले, तर बाबांनी पेपर राहू दे म्हणत मला त्या मांजराला दूध पाजायला लावलं होतं. तेव्हा आईपुढेही त्यांनी सरळ विहाराचाच दाखला काढला. विहारात बुद्धांची पहुडलेली मूर्ती आहे, तिचं डोकं कोणत्या दिशेला असतं? उत्तरेला. मग झालं तर.

आईनं ताट खाली ठेवलं.

"हाव, पण ते जातानाची मूर्ती हाय," ती म्हणाली. "तुमाले जायाचं हाय का?"

बाबांनी उशा काही हलवू दिल्या नाहीत. मग आईनं गनिमी कावा आरंभला. बाबा तोंड धुवायला गेले की उशा दक्षिणेकडे जायच्या. बाबा परत आले की खाटेशी थांबून राहायचे, आणि मला त्या पुन्हा उत्तरेकडे लावाव्या लागायच्या. दोघंही मला साक्षीला ओढत. मी शिकलेली ना. आईला वाटे मी बाबांना समजवावं, बाबांना वाटे मी आईला विज्ञान सांगावं. मला मात्र एकच कळत नव्हतं. जो माणूस रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन त्या खिडकीशी उभा राहायचा, पहाडावर ढग आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नसे, तो नेमका आजारपणात खिडकीकडे पाठ करून का निजतो? पण विचारायचं राहून गेलं. माझ्या डोक्यात तेव्हा एक कमान अडकलेली होती.

मी पुण्यात पीएचडी करते. विषय खगोलाचा म्हटलं की लोक आधी मान हलवतात आणि मग लोणारचं सरोवर काढतात, कारण बुलढाणा आणि आकाश यांचा दुसरा संबंध कुणाला सुचत नाही. माझा लोणारशी काहीही संबंध नाही. मी दीर्घिकांच्या समूहांची टक्कर कॉम्प्युटरमध्ये घडवते. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीनं धरून राहतात, तो समूह. आणि असे दोन समूह एकमेकांत घुसतात तेव्हा त्यांच्यातला तापलेला वायू वायूवर आदळतो. त्या धक्क्याची लाट पार बाहेरच्या कडेपर्यंत जाते, तिथल्या इलेक्ट्रॉनांना पिटाळते, आणि ते तिथल्या क्षीण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. रेडिओ दुर्बिणीला मात्र समूहाच्या कडेला एक बारीक वाकडी कमान दिसते, कापून टाकलेल्या नखासारखी.

ही टक्कर कोट्यवधी वर्षं चालते, म्हणून आपल्या वाट्याला तिचा एकच फोटो येतो. कोण कुठून आलं आणि कोण कुणाला भेदून गेलं हे फोटोवरून सांगता येत नाही. मग टक्कर आपणच घडवून पाहायची. एवढा वायू, एवढं न दिसणारं द्रव्य, एवढं चुंबकत्व, असा वेग, असं सगळं ठरवून दोन समूह एकमेकांवर सोडून द्यायचे. पुण्यातला मोठा संगणक दिवसचे दिवस दळत राहतो. शेवटी त्या दळणातून रेडिओ लहरी किती निघतील ते काढायचं, पृथ्वीवरून दिसेल तसा त्याचा नकाशा करायचा आणि दुर्बिणीच्या नकाशाशेजारी ठेवायचा. जुळला तर आपली गोष्ट खरी असू शकते. नाही जुळला तर बसा.

माझा जुळत नव्हता. मी धाकटा समूह थोरल्याला भेदून पूर्वेकडे जाईल असा सोडला होता, म्हणजे ठळक कमान त्याच्या पुढ्यात, पूर्वेच्या कडेला यायला हवी. दुर्बिणीला ती पूर्वेलाच दिसते. माझी पश्चिमेला यायची. मी वेग बदलला, वजनं बदलली, टक्कर समोरासमोर न देता तिरकी दिली. कमान थोडी लांब व्हायची, थोडी आखूड व्हायची, पण पश्चिम काही सोडायची नाही. मी रडकुंडीला आले.

माझ्या मार्गदर्शक बाईंना दाखवलं तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. कुठं चूक नसेल तर हे मोठं आहे, म्हणाल्या. म्हणजे ठळक कमान पुढ्यातच असते असं सगळे धरून चालतात, ती पाठीमागेही पेटू शकते. मग काय, मी त्यावर एक अख्खा सिद्धान्त रचला. चुंबकीय क्षेत्राची ठेवण कशी असली की मागची बाजू आधी उजळेल, वगैरे. तो रचताना मला फार हुशार असल्यासारखं वाटलं. त्याच सुमाराला परदेशातल्या एका गटात दोन वर्षांची जागा निघाली. माझी फेलोशिप जूनमध्ये संपणार, ती जागा जूनपासूनच, आणि त्यांना ही उलटी कमानच ऐकायची होती. ती खरी ठरली तर मी जाणार होते. नाही ठरली तर पुढं काय, ते मला माहीत नव्हतं. आणि ती खरी आहे का, हेही माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे बोलायचा सोमवार ठरला आणि त्याच्या आधीच बाबांच्या छातीत कळ आली.

आमच्या घरात रेंज फक्त ओसरीवर येते, तीही रस्त्याकडच्या कोपऱ्यात. म्हणून माझं टेबल तिथं मांडलं. रस्त्याकडे तोंड, घराकडे पाठ. मोबाइलवरून पुण्याच्या संगणकाला काम लावायचं आणि ते रांगेतून पुढं सरकेपर्यंत बाबांच्या गोळ्या, बाबांचं पाणी, बाबांच्या उशा. मार्गदर्शक बाईंचा फोन आला की मी पुण्याचं मराठी बोलायची. ते संपलं की बाबा आतून म्हणायचे की फोनवर बोलणारी ती बाई कोण होती, तिला चहा तरी द्यायचा होता.

भेटायला येणाऱ्यांचा राबता होता. बाबांची तब्येत विचारून झाली की माझी पाळी. शेजारचे काका चांगले तासभर बसले, रेडिओवर काम करते म्हणजे गाणी कोणती लागतात ते विचारून घेतलं, आणि जाता जाता म्हणाले की नांदुऱ्याला ज्युनिअर कॉलेजात जागा भरताहेत, पोरगी जवळ राहील, बापाचं असं झालेलं. आईनं काकांना चहात साखर पुरे झाली का विचारलं, आणि तिलाही तेच हवंय हे मला कळलं. बाबा मात्र उशांवर जरा वर सरकले. जिथं तिचं काम आहे तिथं ती जाईल, म्हणाले, आणि असं काही ठासून म्हणाले की काका उठलेच.

खरं सांगायचं तर मला काय हवं होतं तेच मला कळत नव्हतं. सकाळी टेबलाशी बसले की वाटायचं, कमान खरी ठरू दे, एकदाची सुटेन मी. मग आत खोकल्याचा आवाज यायचा, बाबा शिवलेल्या छातीवर उशी दाबून खोकायचे, आणि वाटायचं, न ठरली तर बरं. दोन्ही मनापासून वाटायचं. मी माझ्यावरच चिडायची आणि तो राग आईवर काढायची. ती उशांवर काढायची.

शनिवारी संध्याकाळी मी गच्चीवर गेले. आईनं दिवसभर मूगवड्या वाळत घातल्या होत्या, शेजारी एक चटई रिकामी होती. मी तिच्यावर उताणी पडले, डोकं पहाडाकडे करून. हे बाबांची बाजू घ्यायची म्हणून नाही. आकाशाचा नकाशा जमिनीच्या नकाशासारखा नसतो. जमिनीच्या नकाशात पूर्व उजवीकडे. आकाशाच्या नकाशात उत्तर वर आणि पूर्व डावीकडे, कारण तो आपण खालून वर पाहतो. डोकं उत्तरेला करून उताणं पडावं आणि नकाशा तोंडावर धरावा, म्हणजे सगळ्या दिशा जागच्या जागी लागतात. पहिल्या वर्षी वर्गात हे शिकवलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. आईच्या हिशेबानं जगातले झाडून सगळे खगोलशास्त्रज्ञ मेल्यासारखे निजत होते.

मी मोबाइलवर माझा रेडिओ नकाशा काढला आणि तोंडावर धरला. सूर्य उजव्या हाताला बुडत होता. कमानही उजव्या हाताला, मावळतीकडे. चुकीच्या बाजूला, नेहमीसारखी. मी तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिले की ती कमान आहे हेही कळेनासं झालं.

आई वड्या काढायला वर आली आणि तिनं मला पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.

"घरात एक कमी हाय का," ती म्हणाली, "तू बी तशीच पडली?"

आणि वाकून तिनं माझे दोन्ही खांदे धरले. डोकं दक्षिणेला येईल असं मला वळवू लागली. तेव्हा मला कळलं की खाटेचं हे भांडण तिच्यासाठी भांडण नव्हतंच, ती रोज घाबरत होती. माझी हुज्जत घालायची छाती झाली नाही. मी पडल्या पडल्याच चटईवर गोल फिरले, डोकं दक्षिणेला, पाय पहाडाला, आणि मोबाइल होता तसाच तोंडावर. सूर्य आता डाव्या हाताला आला. कमान मात्र मोबाइलवर होती तिथंच, उजव्या हाताला. उजव्या हाताला आता उगवती होती.

आई म्हणते तसं निजलं तर माझी कमान बरोबर होती.

मी उठले आणि पुन्हा उलट फिरून पाहिलं. चूक. पुन्हा फिरले. बरोबर. आईला वाटलं मी तिची चेष्टा करते आहे. ती सूप उचलून खाली गेली. कमान वर-खाली जवळपास सारखीच असल्यानं मला एवढ्या महिन्यांत शंका आली नव्हती, ती आता आली. कमान चुकीच्या बाजूला पेटली नव्हती. माझा नकाशाच उलटा होता.

खाली येऊन टेबलाशी बसले. शोधायला वेळ लागला नाही. समूह कुठं आहेत त्याचा नकाशा मी एका सिनिअरच्या जुन्या प्रोग्रॅमनं काढत होते, तो ठीक होता. रेडिओ लहरींचा नकाशा माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅमनं. त्यात अगदी सुरुवातीला मी एक ओळ लिहिली होती: पूर्व डावीकडे घे. मला आकाशाचा नियम माहीत होता ना. पण जे सॉफ्टवेअर शेवटी चित्र काढतं त्यालाही तो नियम माहीत होता, आणि तेही चित्र उलटवून घेत होतं. तव्यावरची भाकरी दोनदा उलटली की पहिलीच बाजू वर येते. मग एक नकाशा दुसऱ्यावर ठेवला की धाकटा समूह चालला पूर्वेला आणि त्याची कमान पश्चिमेला. नियम माहीत नसलेल्या माणसाच्या हातून हे झालंच नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळशावर सिद्धान्त लिहून बसले होते.

ती ओळ पुसली. कमान उडी मारल्यासारखी पूर्वेला गेली. दुर्बिणीचा नकाशा शेजारी ठेवला. वाक तोच, लांबी जवळपास तीच, खालच्या टोकाला दुर्बिणीला दिसणारा बारीकसा फाटाही माझ्याकडे होता, जो मी आजवर नीट पाहिलाच नव्हता. इतका चांगला जुळलेला नकाशा मी कधी काढला नव्हता. आणि त्यात नवं असं काहीही नव्हतं.

"काय झालं?" बाबांनी आतून विचारलं.

मी आत गेले, खाटेच्या काठावर बसले आणि सांगितलं. ओळीचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, गच्चीवर आईनं फिरवल्याचंही सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आता बरोबर आलं?"

"हो."

"मंग रडून काऊन राह्यली?"

मी रडत होते हे मला त्यांनी विचारल्यावर कळलं. बरोबर आलं म्हणजे उलटी कमान गेली, मी म्हटलं, आणि ती गेली म्हणजे ती जागाही बहुतेक गेली. आता जूनमध्ये काय ते मला माहीत नाही. बाबांनी छातीवरची उशी बाजूला केली.

"मले बरं वाटून राह्यलं," ते म्हणाले. "अन् बरं वाटून राह्यलं, याचंच वाईट वाटून राह्यलं."

मी त्यांचा हात धरला. आमच्या घरात हात धरायची रीत नाही, त्यामुळे धरल्यावर त्याचं पुढं काय करायचं ते दोघांनाही कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी इतके दिवस राहून गेलेलं विचारलं, की तुम्ही खिडकीकडे पाठ करून का निजता, पहाड दिसत नाही इकडून.

"पहाड कुठी जाऊन राह्यला?" बाबा म्हणाले. "इकून तू दिसते. पाठमोरी दिसते, पण दिसते. जूनपावतर."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं आत वळून गॅस बारीक केला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं उशांना हात लावला नाही.

मार्गदर्शक बाईंना मी लगेच लिहून कळवलं. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, बरं झालं आत्ताच सापडलं, आणि सोमवारी बोलायचं रद्द करू नकोस, जुळलेला नकाशा दाखव, चूक कशी सापडली तेही सांग. मी विचारलं की चटईचंही सांगू का. त्या म्हणाल्या की ते तुझं तू ठरव. मला ते अजून ठरवता आलेलं नाही, म्हणजे सांगून झाल्यावरही ते सांगायला हवं होतं का हे ठरवता आलेलं नाही.

रविवारी मी ओसरीवरचं टेबल उचललं आणि मधल्या खोलीत आणलं, उत्तरेच्या खिडकीशी, या वेळी पाठ खिडकीकडे आणि तोंड खाटेकडे. तिथं रेंज येत नाही. मोबाइल खिडकीच्या गजाला आईच्या जुन्या पातळाच्या चिंधीनं बांधला, की कधीमधी येते. टेबल लागल्यावर आईनं उशा उचलल्या आणि दक्षिणेकडे रचल्या. या वेळी बाबा थांबून राहिले नाहीत. सरळ येऊन आडवे झाले, पाय पहाडाकडे. मूर्तीचा विषय कुणी काढला नाही.

सोमवारी मी तिथूनच बोलले. मध्ये दोनदा आवाज तुटला. समोरच्यांनी बरंच विचारलं, त्यातलं काही मला ऐकू आलं, काही नाही. कळवतो म्हणाले. संपल्यावर बाबांनी विचारलं, जमलं का. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं आणि नकोही होतं.

त्या परदेशातल्या गटाचं अजून काही कळलेलं नाही. जून यायचा आहे. टेबल खिडकीशीच आहे, आणि काम करताना मान वर केली की मला आधी बाबा दिसतात, मग त्यांच्या मागे उघडं दार, आणि मग रस्ता.